ऑइल प्रेशरची धास्ती

सोमेश्वरला वेगाची भीती वाटायची आणि त्याच्याकडे गल्लीतली नव्हे, अख्ख्या जालन्यातली बहुधा सगळ्यात वेगवान गाडी होती. लाल रंग, चामड्याच्या सीटा आणि एका डॉक्टरनं जपून वापरलेली, एवढं पाहून त्यानं ती जुनी विकत घेतली. तिच्या बॉनेटखाली दोनशे घोड्यांची ताकद आहे ही बातमी त्याला आठवड्यानंतर पीयूसी काढणाऱ्यानं दिली. तेव्हापासून तो त्या दोनशेतले चाळीसेक घोडेच वापरायचा. बाकीचे तसेच उभे असायचे, आणि त्यांच्या नुसत्या उभं असण्याचीही त्याला धास्ती वाटायची.

जालना ते बदनापूर, बदनापूर ते जालना. तिथल्या एका सरकारी कार्यालयात तो लेखनिक होता. रस्त्यानं ट्रॅक्टर सोडून सगळे त्याच्या पुढं जायचे. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्याला फोनवर एका ग्रुपमध्ये घेतलं गेलं. त्याच मॉडेलच्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांचा ग्रुप. तिथं कुणीतरी लिहिलं की या इंजिनाचा ऑइल पंप लेचापेचा असतो, इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर फिरवलं की तेल वेळेवर पोचत नाही, आणि तेल नाही म्हणजे आतलं लोखंड लोखंडाला घासून इंजिन जाम. खाली एका जाम झालेल्या इंजिनाचा फोटो होता.

सोमेश्वरनं आपलं इंजिन अडीच हजारांच्या वर कधी फिरवलेलं नव्हतं. पण भीती काही असा आकडा बघून येत नाही. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो नजीर मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला.

नजीर म्हणजे शांत माणूस. तीस वर्षं इंजिनं उघडून त्याच्या बोलण्यालाही एक वंगण आलेलं होतं. त्यानं गाडी ऐकली, आणि पंप बिलकुल बराबर आहे, उगाच हात लावू नका, असं सांगितलं. सोमेश्वरनं फोटो दाखवला. नजीर म्हणाला, हा माणूस गाडी शर्यतीत पळवत असेल. सोमेश्वर म्हणाला, ते काही असो, मोठा पंप टाकू. अखेर पुण्याहून पार्सलनं जास्त ताकदीचा पंप आला, नजीरनं दोन दिवस खाली झोपून तो बसवला, आणि पंप काम करतोय हे डोळ्यांना दिसावं म्हणून स्टिअरिंगच्या बाजूला वाटीएवढं एक गोल मीटर लावून दिलं. शून्य ते दहा आकडे, मध्ये पांढरा काटा. तेलाचा दाब किती ‘बार’ आहे ते दाखवणारं.

नुसत्या पंपानं सोमेश्वरची झोप उडाली नसती. त्या मीटरनं घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. सोमेश्वरनं किल्ली फिरवली आणि काटा सरळ सातवर जाऊन थरथरायला लागला. ग्रुपवर चारपर्यंत ठीक असं वाचलेलं होतं. सोमेश्वरनं इंजिन बंद केलं, दार उघडं टाकून तो बाहेर आला आणि कुंपणाच्या भिंतीमागं जाऊन उभा राहिला.

तिथंच शेजारचे अण्णासाहेब कानटोपी घालून दात घासत उभे होते. अण्णासाहेबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर गेलेली. जालन्यात नळाला पाणी कधी येणार हे ज्यांना आधी कळायचं अशा थोड्या लोकांतले ते एक, आणि त्यामुळं प्रेशर हा शब्द कानावर पडला की आपल्यालाच हाक मारली असं त्यांना वाटे.

“किती किलो हाय?” सोमेश्वरच्या तोंडून तो शब्द निघताच त्यांनी विचारलं. पंपहाऊसवर दाब किलोत मोजत.

सात, म्हटल्यावर त्यांनी ब्रश तोंडातून काढला. मग त्यांनी एक सहा इंची लाइन सात किलोला कशी फुटली, तिच्यातलं पाणी किती उंच गेलं आणि त्यात एका माणसाचं पत्र्याचं दुकान कसं उडालं, ते सविस्तर सांगितलं. त्यांचं मत असं पडलं की दाब मोकळा करायला कुठंतरी एक कॉक सोडून ठेवावा. इंजिनाला कॉक नसतो हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. कॉक नसलेल्या यंत्राजवळ ते स्वतः कधी उभे राहत नसत, असं म्हणून ते आत गेले आणि त्यांनी आपल्या घराची सोमेश्वरच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

सोमेश्वरची बायको तृप्ती शाळेत शिक्षिका. ती स्कूटी काढून बाहेर आली, भिंतीमागच्या नवऱ्याकडं तिनं एकदा बघितलं आणि काही न विचारता निघून गेली. तिच्या त्या न विचारण्याचा सोमेश्वरला फार अपमान वाटला.

नजीर फोनवर म्हणाला की थंडीत तेल घट्ट असतं, मोठा पंप ते जोरात ढकलतो, म्हणून काटा वर जातो. गरम झालं की उतरेल.

तो उतरला. फारच उतरला. संध्याकाळी परत येताना मामा चौकात गाड्यांच्या गर्दीत थांबला असताना सोमेश्वरचं सहज मीटरकडं लक्ष गेलं, म्हणजे ते तिथून हललंच नव्हतं, आणि काटा एकवर होता. एक. सकाळी फुटायची भीती होती, आता आटायची. त्यानं तिथल्या तिथं इंजिन बंद केलं. मागं दोन रिक्षा, एक उसाची गाडी आणि एक वऱ्हाडाची बस. ट्रॅफिक हवालदार आला आणि काय झालं म्हणून विचारलं. सोमेश्वरनं खरं ते सांगितलं, की एकच बार राहिलाय. हवालदारानं त्याला तोंडानं फुंकर मारायला सांगितली. नंतर त्यानंच दोन रिक्षावाल्यांच्या मदतीनं गाडी ढकलून बाजूला लावली. एवढी भारी गाडी, आणि ढकलताना सगळे जण सोमेश्वरच्या चेहऱ्याकडं बघत होते.

नजीरनं पुन्हा समजावलं. इंजिन हळू फिरत असलं, तेल गरम असलं, तर एक चालतो. हजाराला एक, दोन हजाराला दोन, असा साधा हिशेब धरा आणि निवांत राहा. सोमेश्वरनं तो हिशेब कागदावर लिहून मीटरखाली चिकटवला आणि निवांत राहायचं सोडून दिलं. आता तो रस्ता कमी आणि काटा जास्त बघायचा. दिवसातून चार-पाच वेळा नजीरला फोन. एकदा तर नजीर नमाजाला गेलेला असताना त्याची बायको नसरीन हिनं फोन उचलला आणि आवाज ओळखून आपणहून सांगितलं, “काटा बराबर हाय, भाऊ. तुम्ही बिलकुल घाबरू नका.” ती त्या वेळी घरात भाकरी करत होती. पण सोमेश्वरला तेवढ्यानंही बरं वाटलं.

घरी आल्यावर तो तृप्तीला रोजचा अहवाल द्यायचा. सकाळी सात बार झाले, दुपारी तीन, येताना एकावर भागलं. तृप्तीच्या आई सगुणाबाई भोकरदनला राहायच्या. त्या फोनवर असताना हे त्यांच्या कानावर पडायचं. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं, मग लेकीला हळूच विचारलं की सोमेश्वररावांनी हे कधीपासून सुरू केलं, आणि सकाळी सातपर्यंत मजल गेलीय तर घरातल्या कुणी काही बोलत कसं नाही.

अशा अवस्थेत त्यानं ठरवलं की एक पूर्ण दिवस गाडी नजीरकडं ठेवून तपासून घ्यायची. त्यासाठी त्यानं रजेचा अर्ज लिहिला. स्वभावानं प्रामाणिक असल्यामुळं कारणही खरंच लिहिलं: ‘प्रेशर एकाएकी वर जाऊन पुन्हा खाली येत असल्याने तपासणीकरिता एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी.’

आस्थापना विभागाच्या वंदनाताईंनी अर्ज वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. त्यांच्या थोरल्या दिरांचंही असंच झालेलं. त्यांनी अर्ज साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी शेरा मारला की प्रकृतीचा प्रश्न असल्याने किरकोळ रजा देता येणार नाही, वैद्यकीय रजा घ्यावी, आणि परत हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला आणावा. सोमेश्वर साहेबांना समजावून सांगायला गेला, की प्रेशर माझं नाही, तेलाचं आहे. साहेब म्हणाले, तेलाचंच असतं, तेल खाणं बंद करा. दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर तीन पिशव्या मोसंबी जमा झाल्या. चहा बिनसाखरेचा यायला लागला. शेवटी दाखल्यासाठी तो खरोखरच सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन तास उभा राहिला, आणि तिथं त्याचं रक्ताचं प्रेशर एकशे साठ निघालं. डॉक्टरनं विचारलं, कसलं टेन्शन घेता? सोमेश्वरनं सांगितलं. डॉक्टरनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि एक गोळी लिहून दिली, रोज सकाळी, उपाशीपोटी.

इकडं नजीरनं दिवसभर गाडी चालवून, थांबवून, तापवून बघितली. सगळं ठीक होतं. गाडी परत देताना तो इतकंच म्हणाला की मीटर काढून टाकू का. सोमेश्वर दचकला. दिसतंय तेव्हा एवढी भीती, दिसायचं बंद झाल्यावर काय होईल? मीटर राहिलं.

मग आला सगुणाबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस. जालन्याच्या डॉक्टरांनी सकाळी अकराची वेळ दिलेली. तृप्तीच्या शाळेत तपासणी, म्हणून सासूबाईंना भोकरदनहून आणायची जबाबदारी सोमेश्वरवर आली. तो पहाटे उठून गेला. सगुणाबाई नव्या लुगड्यात तयार बसलेल्या. त्या पुढच्या सीटवर बसल्या, आणि बसता बसता त्यांनी जावयाच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. काही सापडलं नाही तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

राजूरच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशी, रस्ता मोकळा. गाडी साठनं चाललेली, काटा तीनवर. सगुणाबाई गावातल्या एका लग्नाची हकीकत सांगत होत्या. सोमेश्वरनं हुंकार दिला, काट्याकडं बघितलं, आणि काटा शून्यावर होता.

एक नाही, अर्धा नाही. शून्य. खाली टेकून पडलेला.

त्याच्या हातानं किल्ली कधी फिरवली ते त्याला कळलंही नाही. इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, त्यानं सगळा जीव लावून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. एवढी भीती त्याला यापूर्वी कधीच वाटली नव्हती, आणि त्याचा अनुभव काही थोडा नव्हता.

“काय झालं?” सगुणाबाईंनी विचारलं.

“प्रेशर गेलं, मामी.”

“गोळी घेतली न्हाई का सकाळची?”

दहा मिनिटांत माणसं जमली. मोटारसायकलवाले, एक जीपवाला, शेतातले दोघं. सगळ्यांनी आळीपाळीनं मीटरवर टिचकी मारली आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, मीटर खराब. जीपवाला म्हणाला, तेलाची पट्टी बघा. पट्टी बघितली, तेल भरपूर होतं. मंग काय, मारा सेल, चला. सगुणाबाई म्हणाल्या, अकराला डोळा आहे. सोमेश्वरनं नजीरला फोन लावला.

त्या सकाळचा तो पहिलाच फोन होता, पण त्या महिन्यातला बहुतेक शंभरावा. नजीरच्या हातात दुसऱ्या गाडीचं काम होतं. त्यानं विचारलं, आवाज आला का? नाही. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला होता का? नाही.

“मंग मीटरची वायर निघाली आसंल, सर,” नजीर म्हणाला. “काही होत न्हाई. चालू करा आन् आरामात या.”

सोमेश्वरनं किल्लीला हात लावला. बाहेर सात-आठ माणसं, शेजारी सासू, फोनवर तीस वर्षांचा मिस्त्री. सगळे सांगत होते की चालू कर. त्यांच्यात एकटा तो काटा तेवढा वेगळं बोलत होता. त्यानं ठरवून काही धीटपणा केला असं नाही. किल्ली फिरवण्याइतकं धैर्यच त्याच्यात नव्हतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “मी चालू करणार न्हाई.”

नजीरनं बरं म्हणून फोन ठेवला. जीपवाला हसला. सगुणाबाईंना जीपमधून पुढं पाठवायची गोष्ट निघाली, पण त्या बघून आल्या तर जीपमध्ये आधीच चौदा माणसं होती. शेवटी त्यांच्याच भावकीतले रखमाजी ट्रॅक्टरमध्ये कापूस भरून जालन्याला निघालेले, ते थांबले. त्यांनी काही न विचारता ट्रॉलीखालून दोर काढला.

दोनशे घोड्यांची ती लाल गाडी एका ट्रॅक्टरमागं जालन्याकडं निघाली. यात अपमान होता, पण सोमेश्वरला अपमान वाटून घ्यायला सवड नव्हती. इंजिन बंद असल्यानं ब्रेकवर उभं राहावं तेव्हा गाडी थोडी थांबायची, आणि पुढं पाच हातांवर ट्रॉलीचं लोखंडी फाळकं. रखमाजी गतिरोधकावर हळू व्हायचे, की सोमेश्वर दोन्ही पायांनी ब्रेक दाबून डोळे मिटायचा. ट्रॉलीतला कापूस उडून काचेवर, बॉनेटवर, आरशांना चिकटत होता. वायपर लावले तर तो काचभर पसरला. सगुणाबाईंना एरवीही धूसरच दिसत असल्यानं त्या निर्धास्त होत्या. लग्नाची हकीकत त्यांनी जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू केली.

जालन्यात शिरेपर्यंत बारा वाजले. गाडी लाल होती हे सांगावं लागलं असतं. तृप्ती शाळेतून थेट गॅरेजवर आली. डॉक्टरांनी आता दुपारी दोनची वेळ दिली होती. तिनं आईला रिक्षात बसवलं, नवऱ्याच्या डोक्यावरचा कापूस काढला आणि म्हणाली, “अहो, एका मीटरपायी किती हाल करून घेऊन राह्यले तुम्ही?” ती रागावलेली नव्हती. तिला कीव आली होती, आणि सोमेश्वरला तेच लागलं.

नजीरनं आधी मीटरची वायर बघितली. ती जागेवर होती. त्यानं दुसरी बघितली, तीही. मग त्यानं पेटीतून आपलं जुनं, वायर नसलेलं मीटर काढलं, इंजिनाला नळीनं जोडलं, इंजिन पेटू नये म्हणून प्लग काढले आणि नुसता सेल मारला. इंजिन गरगरलं. काटा हलला नाही. पुन्हा मारला. हलला नाही.

त्यानं गाडी वर घेतली, तेल काढलं, खालचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर रबरी रिंगेचे दोन तुकडे होते. टाकीतून तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरची ती रिंग. पंप नवा होता, रिंग जुनी. नव्या पंपाची ओढ तिला सोसली नाही, ती चिरली, आणि पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागला.

नजीर ते तुकडे बघत खाली बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

“सर, ही रिंग मी बदलाया पाहिजे व्हती,” तो म्हणाला. “आन् तो लाल दिवा. त्याची वायर काढूनच मी तिथं मीटर जोडलं व्हतं. तो लागणारच नव्हता. अन् मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं?”

सोमेश्वरनं ते दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांना जुळवून बघितले.

“चालू करा म्हनलो मी,” नजीर म्हणाला. “तुम्ही ऐकलं असतं, तर राजूर यायच्या आत इंजिन गेलं असतं. जोरात असते तर चाकं जाम होऊन गाडी पलटी झाली असती. तीस सालात मला असा गिऱ्हाईक भेटला न्हाई सर, ज्यानं टायमावर बंद केली.”

आता खरं तर सोमेश्वरची छाती फुगायला हवी होती. महिनाभर त्याला हसणाऱ्या प्रत्येकाला बोलावून ते तुकडे दाखवायला हवे होते. पण ‘पलटी’ हा शब्द ऐकला आणि सकाळी वाटायची राहिलेली भीतीही त्याला एकदम वाटली. रस्ता, सासूबाई, साठचा वेग. तो नजीरच्या शेजारी, तेलानं माखलेल्या फरशीवर, ऑफिसच्या पँटीसकट बसला. नसरीननं घरातून चहा पाठवला, तो साखरेचा होता.

सगुणाबाईंचा डोळा छान झाला. गाडीही झाली. नजीरनं नवी रिंग टाकली, लाल दिव्याची वायर वेगळ्या जागी जोडली, झाकण दोनदा उघडून पुन्हा बघितलं, आणि कशानंच समाधान होईना तेव्हा म्हणाला की समृद्धी महामार्गावर नेऊन एकदा जोरात चालवून बघू, मी सोबत येतो.

रविवारी सकाळी दोघं निघाले. समृद्धीवर चढल्यावर सोमेश्वरनं सवयीनं मीटरकडं बघायला मान वळवली, तर मध्ये नजीरचं डोकं होतं. तो पुढं वाकून काट्यापासून वीतभर अंतरावर डोळे लावून बसलेला.

“किती?” सोमेश्वरनं विचारलं.

“साडेचार, सर.”

दोन किलोमीटरनंतर त्यानं पुन्हा विचारलं. साडेचार. त्यानंतर विचारायची गरज पडली नाही, नजीरच दर मिनिटाला आपणहून सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा बारीक होत होता. सोमेश्वरच्या ध्यानात आलं की महिन्याभरात पहिल्यांदाच आपण समोर बघून गाडी चालवतोय. रस्ता रुंद होता, सरळ होता, दोन्ही बाजूंना हरभरा होता. हे सगळं इथं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याचा पाय आपोआप थोडा खाली गेला. सत्तर, ऐंशी, नव्वद. आतल्या उभ्या घोड्यांतले काही निघाले.

काटा शंभरावर गेला, तो वेगाचा. नजीरनं तेलाच्या काट्यावरची नजर न काढता एका हातानं छताजवळचं हँडल घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुण्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “सर, जरा भिऊन चालवा.”